लाल बटणाची तार

बेळगावात ओतकाम आणि यंत्रकाम यांचा व्यवसाय इतका रुजलेला आहे, की उद्यमबागेतील एखाद्या कारखान्याने मोडीत काढलेले मिलिंग यंत्र कोणाच्या घरी मागल्या पडवीत येऊन बसले, तरी शेजाऱ्यांना त्याचे नवल वाटत नाही. आमच्याही घरी असे एक यंत्र आले. पुतण्याने त्याच्या हातचक्रांच्या जागी स्टेपर मोटरी बसविल्या, जुने स्क्रू काढून बॉल स्क्रू घातले आणि संगणक जोडून त्याचे ‘सी.एन.सी.’ केले. अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेने १९५२ साली आकड्यांच्या हुकमतीवर चालणारे मिलिंग यंत्र प्रथम दाखविले, तेव्हा त्याच्या नियंत्रणासाठी निर्वात नळ्यांनी भरलेली कपाटे लागत असत. आता तेच काम जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत मावते. घरातल्या सर्वांना त्याचे कोण कौतुक!

दुसऱ्याच महिन्यात एके संध्याकाळी ॲल्युमिनियमची पट्टी व्हाइसमधून सुटली. पुतण्याने लाल बटण दाबले. यंत्र चालूच राहिले. पुन्हा दाबले, तरी चालूच. अखेर धावत जाऊन त्याने भिंतीवरचा मुख्य स्विच पाडला. तोवर कटर मोडून त्याचा तुकडा स्वयंपाकघराच्या दारात रुतला होता. थोड्याच वेळापूर्वी त्या दारात आमची नात उभी होती.

पाहतो तो बटणाची एक तार यंत्राच्या थरथरीने स्क्रूतून सुटलेली. ती कधी सुटली हे सांगता येईना, कारण त्या बटणाची गरजच तोवर पडली नव्हती. बटण दाबल्यावर जोड जुळेल आणि संगणकाला संदेश जाईल, अशी ती जोडणी होती. वायरमन मंडळी अशा जोडास एन.ओ. म्हणतात. तार तुटली, की हे बटण मुके होते, आणि ते मुके झाल्याचे कोणास कळत नाही.

म्हणून तेथे उलटा जोड हवा, ज्यास एन.सी. म्हणतात. येथे वीज सदैव वाहत असते आणि बटण दाबले, की ती तुटते. रात्रभर शिट्टी वाजवीत फिरणाऱ्या गुरख्यासारखा हा प्रकार आहे. शिट्टी थांबली, की घरातला माणूस उठून बसतो. मग स्क्रू सैल होवो की उंदराने तार कुरतडो, यंत्र आपण होऊन थांबते. टेबल टोकाला गेले हे सांगणारे लिमिट स्विचही याच रीतीने जोडावेत.

दुसरी चूक अधिक मोठी होती. थांबण्याचा हुकूम संगणकामार्फत जात होता, आणि बिघाड झालेला असतो तो बहुधा संगणकातच! संगणकाला कळवावे जरूर. परंतु वीज तोडण्याचे काम तारा आणि कॉन्टॅक्टर यांनीच करावयास हवे. आमच्या वाचकांनी पिठाच्या गिरणीतला हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर पाहिला असेलच. लाईट जाऊन परत आली, तरी गिरणी आपोआप सुरू होत नाही. मालकाला पुन्हा हिरवे बटण दाबावे लागते. कॉन्टॅक्टर स्वतःच्याच एका जोडाने स्वतःला धरून ठेवतो. वीज गेली, की ती पकड सुटते. मिलिंग यंत्रालाही हेच हवे. शेतातल्या पंपाला लोक ऑटो-स्टार्टर लावतात, तो येथे घातक ठरेल. लाल बटण फिरवून मोकळे केल्यानेही यंत्र सुरू होता कामा नये.

वीज कोठे तोडावी, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. स्टेपरचा ड्रायव्हर आणि मोटर यांच्यामधली तार चालू स्थितीत तोडली, तर ड्रायव्हर जळू शकतो. म्हणून त्यांच्या वीजपुरवठ्याकडची बाजू तोडावी. स्पिंडलच्या व्ही.एफ.डी.ची वीज एकदम काढली, तर ब्रेक न लागता स्पिंडल आपल्या वेगाने फिरत राहतो. याकरिता मोठ्या यंत्रात आधी त्यास ब्रेकने थांबवून मग टायमर-रिलेने वीज तोडतात. आंतरराष्ट्रीय मानकात यास श्रेणी १ आणि तत्काळ वीज तोडण्यास श्रेणी ० म्हटले आहे. वीज तोडल्यावरही व्ही.एफ.डी.च्या कपॅसिटरांत काही मिनिटे जीवघेणा दाब शिल्लक असतो. तोवर झाकण उघडू नये.

आम्हांला सर्वांत चकित केले ते उभ्या स्लाइडने. जुना आट्यांचा स्क्रू घर्षणामुळे डोके जागच्या जागी धरीत असे. बॉल स्क्रू इतका सुळसुळीत, की मोटरीची वीज जाताच वरचे जड डोके स्वतःच्या भाराने खाली सरकते. म्हणजे वाचविण्यासाठी दाबलेले बटण खाली असलेला हात चिरडावयाचे! तेथे वीज गेली की आवळणारा ब्रेक बसविला, तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

यास मराठीत आणीबाणीचे बटण म्हणावे, तर १९७५ च्या आठवणींमुळे तो शब्द आमच्या पिढीच्या जिभेवर येत नाही. कारखान्यात सारे नुसते ‘इमर्जन्सी’च म्हणतात, म्हणजे सुटका तेथेही नाहीच. असो. बटण लाल, छत्रीच्या आकाराचे, मागे पिवळी पाटी, आणि कटरवरून हात न नेता गाठता येईल अशा जागी असावे. आमचे टेबलाच्या पलीकडे होते.

व्ही.एफ.डी.च्या तारेला धातूची जाळी आणि नीट अर्थिंग नसेल, तर शेजारच्या लिमिट स्विचच्या तारेत खोटे संदेश येतात आणि यंत्र विनाकारण थांबते. मग कंटाळलेला माणूस तारेचा तुकडा लावून तो स्विचच बाद करतो. पुतण्यानेही एकदा ते केले होते, हे त्याने पुढे कबूल केले.

२३० व्होल्टांची सारी जोडणी आता परवानाधारक वायरमनने केली आहे. रोज काम सुरू करण्यापूर्वी टेबल हळू चालवून पुतण्या ते बटण एकदा दाबून पाहतो. खंडेनवमीला यंत्राला झेंडूचा हार घालतो, तो डाव्या बाजूने, बटण मोकळे ठेवून.