बाळंतविड्यासाठी पहिल्यांदाच हातमोजे विणताय? आतला धागा आधी तपासा

कोपर : पहाटेची थंडी सुरू झाली की कोपर स्टेशनच्या वरच्या, दिवा-वसई मार्गाच्या फलाटावर खाडीकडून येणारा गार वारा जाणवतो. मुरबाड, शहापूरकडच्या पाड्यांवर तर शेकोट्या पेटतात. याच दिवसांत घरात बाळ येणार असेल, तर झबली, टोपडी, दुपटी यांच्या जोडीला लोकरीचे हातमोजे हवेतच, असं घरातल्या बाया म्हणतात. विणकाम अजिबात येत नसेल तरी सुरुवात इथून करता येते. बाळाच्या मोज्याला अंगठा नसतो आणि तो इवलासा असतो. रोज थोडं थोडं विणलं तरी काही दिवसांत जोड तयार होतो.

काय लागेल?

बाळासाठीची मऊ, बारीक लोकर, 25 ग्रॅम. 10 नंबरच्या दोन सुया. शिवायला बोथट टोकाची जाड सुई. आपल्याकडे विणायच्या सुयांचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडी. लोकर घेताना ती गालाला लावून बघा. टोचली किंवा तिचे केस सुटत असतील तर घेऊ नका.

दोनच टाके शिका

सुलट टाका : धागा मागे ठेवा. उजवी सुई डाव्या सुईवरच्या टाक्यात पुढून मागे घाला, धागा गुंडाळा, पुढे ओढून घ्या आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडा. उलट टाका : धागा पुढे घ्या, सुई टाक्यात मागून पुढे घाला, धागा गुंडाळून मागे ओढा, जुना टाका सोडा.

आधी 20 टाके घालून 20 ओळी नुसता सराव करा. टाके कमी-जास्त होतात, ते सगळ्यांचंच होतं. दर ओळीनंतर मोजायची सवय लावा.

मोजा असा विणा

1. सुईवर 36 टाके घाला. फार घट्ट नकोत, मनगटात मोजा सहज गेला पाहिजे.
2. एक सुलट, एक उलट असं करत 12 ओळी विणा. टाके सम आहेत, म्हणून प्रत्येक ओळ सुलट टाक्यानेच सुरू होते. ही मनगटाची पट्टी. ती आपोआप ताणते, नाडी लागत नाही.
3. पुढे एक ओळ पूर्ण सुलट, एक ओळ पूर्ण उलट, अशा 24 ओळी. इथे रुंदी मोजा. साधारण 13 सेंटीमीटर यायला हवी. फारच मोठी आली तर उसवा आणि 11 नंबरच्या सुया घ्या.
4. आता टोक. एक टाका सुलट, पुढचे दोन टाके एकत्र सुलट, असं ओळभर करा. 24 टाके राहतील. पुढची ओळ उलट.
5. त्यानंतर ओळभर दोन-दोन टाके एकत्र विणा. 12 राहतील.
6. लांब शेपूट ठेवून लोकर कापा. जाड सुईत ओवून 12 टाक्यांमधून दोनदा फिरवा आणि घट्ट ओढा. त्याच धाग्याने उलट्या बाजूने कड शिवा. दुसराही असाच.

खरी काळजी इथे घ्या

मोजा दिसायला वाकडा झाला तरी चालेल, पण आत सुटा धागा राहता कामा नये. सुटा धागा किंवा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. बाळ हात हलवतं तसा तो आवळत जातो, बोटाचं रक्त थांबतं आणि वेळेत लक्षात आलं नाही तर बोटाला कायमची इजा होऊ शकते. मोजा अंगावर असतो, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून धाग्याची टोकं शिवणीतून चार-पाच सेंटीमीटर पुढे आणि परत मागे ओवा, मगच कापा. पहिल्या जोडात दोन रंगांची नक्षी नको, कारण तिचे धागे आतून लोंबतात. जाळीचं विणकामही नको, भोकात बोट अडकतं. रिबीन, नाडी, मणी लावू नका. दर वेळी घालण्याआधी मोजा उलटा करून आत बोट फिरवा.

बाळ थांबतच नसेल, कारण कळत नसेल, तर मोजे काढून हाताची आणि पायाची सगळी बोटं बघा. एखादं बोट लाल किंवा सुजलेलं दिसलं, त्यावर धाग्याचा वळ दिसला, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

मोजे दिवसभर नकोत

भूक लागली की बाळ हात तोंडाकडे नेतं. मोजे सतत असले तर ही खूण आईला दिसत नाही. दूध पाजताना ते काढून ठेवा. ओले झाले तर लगेच बदला.

आणि नुसत्या मोज्यांनी बाळ गरम होत नाही. पोटाला आणि पायाला हात लावून बघा. पोट गरम पण तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय. अशा वेळी त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून दुपटं पांघरा. पोटही गार लागलं, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर ताबडतोब दवाखाना गाठा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर पहिल्या 42 दिवसांत आशाताई सहा वेळा घरी येतात. काही शंका असेल तर त्यांना विचारा, विणलेले मोजेही दाखवा.

आजी-मावशीने हौसेने विणलेला जोड बाळंतविड्यात शोभतोच. फक्त देण्याआधी तो एकदा उलटा करून बघा.