पडलेलं झाड, फुकटचं लाकूड

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने रायगडात शिरलं आणि काही तासांत आंबा, फणस, माड, पोफळी आडव्या करून पुढे गेलं. पंचनामे, पत्रे, वीज हे सगळं चालू असतानाच घराघरात एक प्रश्न उभा राहिला: या लाकडाचं करायचं काय? गावोगाव एकदमच माल पडल्यावर वखारवाला फिरकत नाही, आलाच तर भाव पाडून मागतो. मग मालक म्हणतो, ज्याला हवं त्याने घेऊन जावं, पैसे नकोत. ऐकायला हे दानधर्मासारखं वाटतं. खरं तर ते एक काम आहे, आणि त्याविषयीचे बरेचसे समज चुकीचे आहेत.

पहिला समज असा, की फुकट म्हटलं की झुंबड उडेल आणि दोन दिवसांत वाडी साफ होईल. झुंबड उडते, पण मनगटाएवढ्या फांद्यांसाठी. बुंधा तिथेच राहतो. दोन फूट व्यासाचा आणि सहा फूट लांबीचा आंब्याचा ओला ओंडका साडेचारशे-पाचशे किलोंच्या घरात जातो. डोक्यावरची मोळी वीस-पंचवीस किलोंची. म्हणजे एका ओंडक्याच्या वीसएक मोळ्या होतात, पण तो चिरून, पाचर मारून फोडल्यावर. सरपणाची खरी किंमत लाकडात नसतेच, ती कापण्यात, फोडण्यात आणि वाहण्यात असते. म्हणून ‘फुकट आहे, न्या’ म्हणणारा मालक घेणाऱ्याच्या माथी प्रत्यक्षात कटरवाल्याची मजुरी आणि टेम्पोचं भाडं मारत असतो. लाकूड खरंच जायला हवं असेल, तर दीड-दीड फुटाचे तुकडे करून ते रस्त्याला लावून ठेवावेत. तेवढा खर्च मालकाने सोसला तर वाडी मोकळी होते. नाही सोसला, तर ओंडका दिवाळीलाही तिथेच असतो.

‘वाऱ्याने पाडलं ते कुणाचंही’ हा दुसरा समज, आणि तो घेणाऱ्यांमध्ये जास्त. वारा मालकी बदलत नाही. खाजगी वाडीतलं झाड पडल्यावरही वाडीच्या मालकाचं असतं, रस्त्याकडेचं त्या रस्त्याच्या खात्याचं, शहरातलं बहुधा पालिकेचं आणि राखीव जंगलातलं सरकारचं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात इमारती लाकडाची व्याख्याच अशी आहे, की पडलेलं झाडही तिच्यात येतं. त्यामुळे ‘आम्ही तोडलं नाही, पडलेलं उचललं’ हे उत्तर वनरक्षकापुढे टिकत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र गौण वनोपजात झुडपी लाकूड आणि खुंट धरले आहेत. त्यामुळे ज्यांचे हक्क मान्य झाले आहेत त्यांची गोष्ट वेगळी.

याच समजाची दुसरी बाजू मालकांकडे असते: ‘माझ्या वाडीतलं, वाऱ्याने पडलेलं, मग कुणाला काय विचारायचं?’ वृक्षतोडीचं नियमन करणारा १९६४ चा महाराष्ट्राचा कायदा खाजगी जमिनीलाही लागू आहे. त्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच आणि जांभूळही आहे, म्हणजे कोकणातल्या परसातली निम्मी झाडं. पडलेल्या झाडाला परवानगी सहसा अडत नाही, पण उभं असलेलं अर्धमेलं झाड ‘तेही पडल्यासारखंच’ म्हणून त्याच दिवशी कापणं हा निराळा मामला आहे. शिवाय लाकूड गाडीत चढलं की वाहतूक परवान्याचा प्रश्न येतो. काही जातींना सूट असते, काहींना नसते. वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारलेलं बरं, कारण नाक्यावर अडकतो तो गाडीवाला, लाकूड देणारा नाही. ज्याला मदत करायची त्यालाच अडकवणं, हे काही चांगुलपणाचं लक्षण नव्हे.

आणि पंचनाम्याआधी वाटप करू नये. ‘निसर्ग’नंतर सरकारने फळबागांच्या नुकसानीची मदत हेक्टरी ५० हजार रुपये केली, पण तलाठ्याला मोजायला काहीतरी दिसलं पाहिजे. झाडांचे फोटो काढावेत, खुंट आणि मुळांचे गड्डे जागेवर ठेवावेत.

आता चुलीकडे येऊ. सर्वांत जास्त घोळ इथेच आहे. वादळाचं लाकूड ओलं असतं. ताज्या लाकडाच्या वजनात तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पाणी असतं, आणि ‘थोडा धूर होईल, पण जळेल’ असं म्हणून ते दिलं-घेतलं जातं. बहुतेकांना वाटतं की उष्णता पाणी आटवण्यात जाते, एवढंच नुकसान. हिशेब मांडला तर ते तितकंसं मोठं नाही. दहा किलो ओल्या लाकडात पाच लिटर पाणी धरलं, तर ते तापवून वाफ करायला साधारण तीन हजार किलोकॅलरी लागतात. उरलेल्या पाच किलो कोरड्या लाकडात वीस हजारांच्या आसपास असतात. खरा तोटा पुढे होतो. पाण्यामुळे जाळ थंड राहतो. लाकडातून निघणारे वायू पुरते पेटत नाहीत, ते धूर, काजळी आणि डांबरासारखा चिकट थर होऊन कौलांवर, भांड्यांवर आणि फुप्फुसांत बसतात. म्हणजे इंधन जळण्याऐवजी घरात पसरतं. घरातल्या अशा धुरामुळे २०२० मध्ये जगात ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा ओलं लाकूड देताना ‘ओलं आहे, यंदा जाळू नका’ हे सांगणं देण्याचाच भाग आहे.

यंदा नाही, तर केव्हा? कोकणात पावसाळ्याची बेगमी मिरगाच्या आधी होते, आणि ‘निसर्ग’ आलं ते नेमकं मिरगाच्या तोंडावर. त्या हवेत काहीच सुकत नाही. जूनमध्ये पडलेलं झाड दिवाळीनंतरच्या उन्हात सुकायला लागतं आणि शिमग्याच्या सुमारास चुलीलायक होतं, तेही फोडलेलं असेल तर. साल शाबूत असलेला अख्खा ओंडका आत पाणी धरून ठेवतो आणि सुकण्याआधी कुजतो. दुसरी चूक निळ्या ताडपत्रीची. लोक ढीग चहूबाजूंनी गुंडाळून ठेवतात, आत वाफ कोंडते आणि बुरशी येते. खाली दगड किंवा वासे, वर छप्पर, बाजू उघड्या आणि लाकडं आडवी-उभी रचलेली, एवढंच पुरतं. पडवीत हे आपले आजोबा करतच होते. रचलेल्या लाकडात हात घालण्याआधी काठी फिरवावी, फुरशाला ही जागा फार आवडते.

‘लाकूड ते लाकूड, सगळं सारखंच जळतं’ असंही म्हणतात. सुरू ओलं असतानाही बऱ्यापैकी पेटतं, ऐनाचा निखारा टिकतो, आंबा फसफसतो पण वाळला की चालतो. माडाचं खोड मात्र सरपण म्हणून फारसं कामाचं नाही. बाहेरून घट्ट, आत भुसभुशीत, आणि पाणी शोषून बसलेलं. ते फुकट देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या अंगणात टाकणं. माडाचं खोड साकवाला, पोफळीचं पन्हळीला आणि मांडवाला वापरायची जुनी रीत उगीच पडली नाही. माडाची खरी जळणं म्हणजे झावळ्या आणि सोडणं. उलट, फणसाचा सरळ, निरोगी बुंधा चुलीत घालणं ही उधळपट्टी आहे. त्याचं लाकूड दारं-खिडक्या, देवघरं आणि वाद्यांच्या कामाचं. देण्याआधी एखाद्या सुताराला दाखवावं. काही लाकडं मुळीच देऊ नयेत: कण्हेर विषारी, तिच्या धुरापासूनही लांब राहावं, आणि बिबा उततो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण घेणारा परगावचा असेल तर सांगायला हवं.

झाड आडवं झालं म्हणजे मेलं, हाही घाईचा निष्कर्ष. तरणं आंब्याचं कलम मुळासकट कललं असेल आणि एका बाजूची मुळं मातीत असतील, तर फांद्या छाटून, हळूहळू सरळ करून, टेकू देऊन, मातीची भर घालून आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावून ते पुन्हा धरू शकतं. मात्र हे लवकर करावं लागतं, मुळं उघडी पडून वाळण्याआधी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ किंवा तालुक्याचे कृषी अधिकारी याबाबत मार्गदर्शन करतात. मोडलेल्या पोफळीला असं काही करता येत नाही, तिचा शेंडा गेला की झाड गेलं.

‘राहू दे, कुजून खत होईल’ हे पानांना आणि बारीक फांद्यांना लागू आहे. माडाच्या बागेत ते महाग पडतं. गेंड्या भुंगा कुजणाऱ्या खोडांत आणि शेणखतात अंडी घालतो, सोंड्या भुंग्याची पैदासही मेलेल्या-जखमी खोडांत होते, आणि मग दोघे उभ्या माडांकडे वळतात. वाचलेल्या माडांच्या कोवळ्या पात्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले की समजावं. आंब्याच्या ओंडक्यात भिरूड असेल, म्हणजे भोकं आणि भुसा दिसत असेल, तर तो दूरच्या बागायतदाराला द्यायचा नाही. अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळलेला ॲश झाडांचा हिरवा भुंगेरा सरपणाच्या गाड्यांतून राज्याराज्यांत पोचला आणि कोट्यवधी झाडं गेली. तेव्हापासून तिथे सरपण लांब न नेण्याची मोहीमच चालते. जवळचं लाकूड जवळच जाळावं, हा नियम तिथून घ्यायला हरकत नाही.

पडलेलं झाड निरुपद्रवी असतं, असं समजून अनोळखी माणसाला ‘जा, कापून घे’ सांगणं हा सगळ्यांत धोकादायक समज. दाबाखाली वाकलेली फांदी कापली की उसळते. मुळासकट उलटलेल्या झाडाचा बुंधा कापला, की मातीचा गड्डा एकदम परत खड्ड्यात बसतो, आणि त्यामागे कुणी उभं असेल तर ते माणूस त्याखाली चिरडलं जातं. फांद्यांत अडकलेली वीजवाहिनी ‘बंद’ समजू नये. शेजारच्याच्या जनित्रातून उलटा प्रवाह येऊ शकतो. रस्त्याकडेच्या झाडांत जाहिरातींचे खिळे असतात, करवतीची साखळी त्यावर तुटते. म्हणून कापण्याचं काम जाणत्याकडून करून घ्यावं आणि घेणाऱ्याला फक्त उचलू द्यावं.

राहिला प्रश्न, गॅस आल्यावर हे नेतं कोण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सुमारे ८० टक्के घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी निघाली, देशात ५८.६ टक्के. पण ज्या घरात सिलिंडर आहे त्याच घरामागे न्हाणीचं चुलवण पेटतं, शिमग्याला लाकूड लागतं, आणि चितेलाही तीनशे-चारशे किलो लागतं. गावात मर्तिकाच्या लाकडाचे पैसे घेत नाहीत, घरटी देतात. त्यामुळे स्मशानशेडजवळ ओंडके फोडून रचून ठेवणं हा वाटपाचा एक सोपा मार्ग आहे, तिथे ते सुकायला वेळही मिळतो. घेणारे बहुतेक दोन-चार मैलांतलेच असतात, कारण त्याहून लांब सरपण वाहणं परवडत नाही. अनोळखी माणसं वाडीत नको असतील तर ढीग फाटकाबाहेर लावावा आणि त्यावर एक फळी ठेवून खडूने लिहावं: कुठलं झाड, कधी पडलं, ओलं की सुकं, आणि कुठल्या तारखेपर्यंत न्यायचं. उरेल ते वखारीला.