जुना कॉम्प्रेसर पेडल घेताय? आधी हे वाचा

सत्तरच्या दशकातल्या एमएक्सआर डायना कॉम्पवर नॉब दोनच: आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. अटॅक-रिलीज सर्किटमध्येच ठरलेले. आत सीए३०८० ही चिप. राखाडी रॉस कॉम्प्रेसरचं सर्किटही जवळपास हेच, भाव मात्र आभाळाला भिडलेले! नुसत्या नावासाठी एवढे पैसे मी तरी मोजणार नाही.

दुकानात एक तार छेडा आणि सूर विरेपर्यंत हात लावू नका. सूर मावळताना मागून ‘श्श्श’ चढत येईल. सेन्सिटिव्हिटी जास्त असली की हे होणारच, तो बिघाड नव्हे. नॉब फिरवताना खरखर आली तर पॉट साफ करून भागतं. पण चिप बदललेली असेल तर भाव पाडून मागा. सुरुवातीच्या डायना कॉम्पला एलईडी नाही, अडॅप्टरचं सॉकेटही नाही. ९ व्होल्टची बॅटरीच लागते. कुणी मागाहून भोक पाडून सॉकेट बसवलंय का, तेही बघा.

कंट्री गिटारच्या टणटणीत चिकन पिकिंगला हा पेडल झकास. बेसवाल्यांनो, तुम्ही जरा थांबा: याच्यात खर्जाचा दम कमी होतो. १९७८चा बॉस सीएस-१ मिळाला तर तो आधी वाजवून पाहा.