देवळालीचा ताप, दारणेचं पाणी

आमच्या घरात एक सायकल होती. वरून काळा रंग, पण जिथे तो उडाला होता तिथे आतून लष्करी हिरवा डोकवायचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर देवळालीच्या छावणीतलं सामान लिलावात निघालं, त्या डिस्पोजलच्या मालातून वडिलांनी ती बीएसए उचलली होती. वडील तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. त्याआधी दोन वर्षं ते एका बेकरीतून बराकींकडे पाव पोचवत. गोऱ्या सोल्जरांविषयी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "अरे, लढाईला ते भीत नसत. वाट बघायला भीत."

हे वाक्य मला साठी उलटून गेल्यावर कळलं, तेही सायकलवर बसल्यावरच.

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं एकतर देवळात जातात किंवा डॉक्टरकडे. आम्हा चौघांना डॉक्टरनेच सायकलकडे पाठवलं. आणि गाव नाशिक! २०१५ साली महाजन बंधू, दोघेही डॉक्टर, इथूनच जाऊन अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा अशी शर्यत पुरी करून आले. २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पुरी करणारे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथही तेव्हा नाशिकलाच नेमणुकीवर होते. त्यांच्या गावात आम्ही सायकल चालवतो, एवढंच आमचं त्यांच्याशी नातं. आमचा वेग भाजीवाल्याचा. पण भाजीवाल्याला रस्त्यातलं प्रत्येक दार माहीत असतं, हेही खरं.

आमची लाडकी वाट देवळाली, भगूर, पांढुर्ली, घोटी, बारी आणि भंडारदरा अशी आहे. जाऊन-येऊन तीन दिवस काढावेत. महामार्गाने अंतर वाचतं, पण ट्रकांच्या वाऱ्याने जीव जातो. पितृपक्ष संपला की निघावं. पाऊस ओसरलेला असतो, भात पोटरीत असतो आणि उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुललेली असते. मे-जूनमध्ये काजवे बघायला शहरातल्या गाड्यांची रांग लागते आणि त्यांच्या दिव्यांत काजवेच दिसेनासे होतात. त्या दिवसांत आम्ही त्या बाजूला फिरकत नाही.

पहाटे लॅम रोडने देवळालीत शिरलं की हवाच बदलते. मोठमोठी झाडं, जुने बंगले, पारशी आणि गुजराती मंडळींची सॅनिटोरियमं. १८६० च्या दशकात इंग्रजांनी इथे छावणी वसवली. मुंबई बंदरात उतरलेली पलटण थळ घाट चढून इथे यायची आणि मग देशभर पांगायची. नोकरीची वर्षं भरलेले सोल्जर परतीच्या बोटीसाठी इथेच येऊन थांबायचे. बोटी थंडीच्या महिन्यांतच सुटत. ती वेळ हुकली की पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम. काम नाही, शत्रू नाही, ऊन मात्र भरपूर. दारू, मारामाऱ्या, हिवताप, आणि कित्येकांची डोकी फिरलेली. त्यावरून सोल्जरांच्या बोलीत 'डूलॅली टॅप' असा शब्द निघाला. डूलॅली म्हणजे आपली देवळाली आणि 'टॅप' म्हणजे हिंदुस्तानीतला तप, आपल्या तापाचा सख्खा भाऊ. पुढे ताप गळाला आणि देवळाली उरली. आजही इंग्रजी कोशात वेडसर माणसाला 'डूलॅली' म्हणतात. एखाद्या गावाचं नाव परक्या भाषेत जाऊन वेडाचं नाव व्हावं! १९७४ साली बीबीसीने देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिकाच काढली. ती बरीच वर्षं चालली.

वडिलांना त्यात विनोद वाटला नसता. पाव मोजून घेणारा एक सोल्जर रोज त्यांना एकच प्रश्न विचारी, आज तारीख काय? वडील सांगत. तो मान हलवून आत जाई. एवढंच इंग्रजी संभाषण त्यांना पाठ होतं आणि म्हातारपणी आमच्यापुढे ते साभिनय करून दाखवत.

थांबणारे फक्त इंग्रजच नव्हते. लढाई सुरू झाल्यावर हिंदुस्थानात सापडलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक सरकारने कैदेत टाकले, त्यांतले काही अहमदनगरहून इथे आणले गेले. नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीत पकडलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांत होता. देवळालीहून त्याला डेहराडूनला हलवलं. १९४४ साली तो तिथून निसटला आणि हिमालय ओलांडत १९४६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. तिबेटमधल्या सात वर्षांचं त्याचं पुस्तक जगभर गाजलं. गिर्यारोहक माणूस, समोर सह्याद्रीची रांग, आणि मध्ये तार! मी त्या रस्त्यावरून जाताना दर वेळी डावी-उजवीकडे बघतो. दिसत काहीच नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनाही याच छावणीत आसरा मिळाला, आणि तोफखान्याची शाळा तर त्याआधीच, १९४१ मध्ये, काकूलहून इथे आली होती. ती आजही आहे. तोफांच्या सरावाने आमच्या खिडक्यांची तावदानं हलतात, आणि आम्ही नाशिककर वर न बघता चहा पीत राहतो.

भगूर म्हणजे सावरकरांचं जन्मगाव. वाड्यापाशी पाच मिनिटं थांबून आम्ही दारणा ओलांडतो. पुढे पांढुर्लीला सिन्नरहून घोटीला जाणारा रस्ता मिळतो आणि चढउतार सुरू होतात. वारा पश्चिमेचा, म्हणजे नाकासमोरून. वयाचा हिशेब इथे चुकता होतो. भरवीरच्या बाजूला समृद्धी महामार्ग आडवा येतो. तिथे सायकलीला मज्जाव आहे, त्यामुळे आमची समृद्धी खालच्या रस्त्यावरच.

याच पट्ट्यातल्या एका वाडीपाशी माझे पाय जड होतात. चढामुळे नव्हे.

१९८५ साली मी या भागातल्या एका शाखेत नवखा अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जं मार्चअखेर वाटून संपवायची घाई. एक पंचावन्नच्या पुढचा माणूस म्हशीच्या कर्जासाठी आला. कागद सगळे बरोबर. मी शाईचं पॅड पुढे केलं आणि म्हटलं, "डावा अंगठा." त्याने हात टेबलावर ठेवला. अंगठा नव्हताच, शेजारची दोन बोटंही नव्हती. लढाईच्या वर्षांत, पोर असताना, माळावर एक पितळी वस्तू सापडली होती. मोडीत पितळेला भाव येतो म्हणून दगडाने फोडायला गेला होता. "गोऱ्यांचं काय तरी व्हतं सायेब," एवढंच तो म्हणाला.

नियमात मार्ग होता. उजवा अंगठा चालला असता, दोन साक्षीदार आणि एक शेरा, बस्स. पण फॉर्मवर 'डाव्या अंगठ्याचा ठसा' असं छापलेलं, मॅनेजर बाहेरगावी आणि मी नवीन. मी म्हणालो, "बाबा, सोमवारी या." तो चौदा-पंधरा किलोमीटर चालत आला होता. मान हलवून गेला. सोमवारी आला नाही. त्यानंतरही नाही. एकतीस मार्चला ते उद्दिष्ट दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने पुरं झालं आणि माझ्या कामाबद्दल वरून शाबासकीचं पत्र आलं.

सातासमुद्रापलीकडच्या लढाईने या डोंगरात काय केलं, असं कुणी विचारलं तर मला टेबलावरचा तो हात आठवतो. आणि सोमवार आठवतो.

असो. घोटीच्या अलीकडे वाट वाकडी करून नांदगावला दारणा धरण बघावं. १९१६ साली, म्हणजे पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, ते पुरं झालं. कागदावर या तलावाचं नाव लेक बील. छपन्नच्या दुष्काळाने, १८९९-१९०० च्या त्या भयंकर सालाने, सरकार हादरलं आणि अवर्षणी मुलखाला पाणी द्यायला ही कामं निघाली. इथलं पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून निफाड, येवला, कोपरगावकडे जातं. खाली द्राक्ष पिकली, ऊस पिकला. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये इथल्याच वाड्यांवर टँकरची वाट बघतात. नियोजनावर मी बँकेत असताना पुष्कळ भाषणं ऐकली. या एका वाक्याचं उत्तर त्यांत नव्हतं.

घोटीत भाताच्या गिरण्यांचा कोंडा नाकात जातो. तिथे चहा घ्यावा, पंक्चरचं सामान तपासावं. पिंपळगाव मोरच्या पुढे खरी चढण. खिंडीत आम्ही सरळ उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो, त्यात लाज कसली? बारीला कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, अगदी अंगावर येतं. पुढे शेंडीपर्यंत उतार, आणि मग भंडारदऱ्याचं पाणी.

हे धरण १९१० ते १९२६ असं सोळा वर्षं चाललं. मधली चार वर्षं महायुद्धाची. ८२ मीटर उंच, दगडी, साठा अकरा टीएमसीचा. १९२६ च्या डिसेंबरात गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी उद्घाटन केलं, म्हणून विल्सन डॅम. जलाशयाला ऑर्थर लेक म्हणत. आता त्याला राघोजी भांगरे यांचं नाव आहे आणि ते योग्यच झालं. राघोजी इथल्याच देवगावचे. सावकारी आणि कंपनी सरकार दोहोंविरुद्ध उठले, १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. सावकाराने कागदावर अंगठे घेऊन जमिनी नेल्या, त्यातून हे डोंगर पेटले होते. कर्जाच्या कागदावरचा अंगठा... माझी पाटी मला चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी जलाशयाला वळसा. मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी. घाटघरला २००८ पासून वीज प्रकल्प आहे. कोकणकड्याखालचं पाणी वर चढवायचं आणि विजेची गरज पडली की खाली सोडायचं. रतनवाडीला अमृतेश्वराच्या कोरीव देवळाजवळ नागलीची भाकरी आणि ठेचा मिळतो. त्या जेवणानंतर पुढचे चढ कुणी घातले, असा प्रश्न पडतो.

गेल्या वर्षी परतताना मी त्या वाडीत शिरलो. मित्रांना म्हणालो, पाणी घेऊन येतो. नाव मला आठवत होतं, पण चाळीस वर्षं झाली होती. एक आजीबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी विचारलं, हाताची बोटं नसलेले एक बाबा इथे होते का? त्यांनी माझ्या हेल्मेटकडे, मग सायकलकडे बघितलं.

"व्हते की. लई वर्सं झाली जाऊन. तुम्ही कोन?"

"बँकेत होतो," मी म्हणालो.

"म्हस घ्यायची व्हती त्याला," त्या म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून तांब्या मागवला.

सून बाटली भरू लागली. अर्धी झाल्यावर मी म्हटलं, "पुरे, पुरे."

"भरा की," ती म्हणाली, "आता पाऊस झालाय. चैतात आला असता तर मीच पुरे म्हनले असते."