पाणी तापविण्याचे यंत्र आणि घरातील हवा

ज्या घरांतून एके काळी तांब्याचा बंब होता, तेथे तो बहुधा मागच्या पडवीत, परसात अथवा धूर सहज निघून जाईल अशा न्हाणीघरात पेटविला जात असे. दार उघडे ठेवा, असे कोणाला सांगावे लागत नसे. धूर डोळ्यांना झोंबू लागला की ते काम आपोआप होई. गॅसच्या गीझरने हा त्रास दूर केला. पण त्याबरोबर ती सूचनाही नाहीशी झाली. ज्योत निळी, धूर दिसत नाही, राख काढावी लागत नाही; म्हणून आत काही जळत आहे याचाच विसर पडतो.

न्हाणीघरातील या यंत्राचा जन्म लंडनमधला. १८६८ साली बेंजामिन वॅडी मॉन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने त्याचे पेटंट घेतले. आइसलँडमधील उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून त्याला ‘गीझर’ हे नाव पडले. मॉनच्या यंत्राला धुराडे नव्हते आणि त्यामुळे ते धोक्याचे होते. पुढे त्याच देशात घरभर ऊब पुरविणारे गॅसचे बॉयलर आले. आजचे तेथील बॉयलर ज्वलनाला लागणारी हवा नळीने बाहेरून घेतात आणि जळालेला वायू नळीनेच बाहेर सोडतात. खोलीतील हवेशी ज्योतीचा संबंध येत नाही. भाड्याच्या घरातील गॅसच्या यंत्रांची नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून दरवर्षी तपासणी करून घेणे हे तेथे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे मात्र धुराडे नसलेला लहान गीझर आजही पुष्कळ घरांत न्हाणीघराच्या आतच टांगलेला आढळतो.

यात नेमका धोका कोणता, हे साध्या हिशेबाने कळते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापविणारा गीझर मिनिटास सुमारे १६ ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे १० मिनिटांच्या स्नानात जवळजवळ २ घनमीटर हवा ज्योतीतून जाते. ७ फूट लांब, ५ फूट रुंद व ८ फूट उंच अशा न्हाणीघरात सारी हवा ८ घनमीटरच असते. याचा अर्थ एका स्नानात चौथा हिस्सा हवा वापरली जाते. घरातील चौघांनी एकामागून एक स्नान केले, आणि ग्वाल्हेर-इंदूरकडील थंडीत असते तशी खिडकी घट्ट लावलेली असली, तर शेवटच्या माणसाच्या वाट्याला कशी हवा येईल, हे निराळे सांगावयास नको.

प्राणवायू अपुरा पडला की गॅस अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळू लागल्यास कळावे म्हणून सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. या विषाला ती खूण नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग पायांतील बळ जाते. त्यामुळे कडी काढण्यापूर्वीच माणूस कोसळतो. कित्येकदा हा फेफऱ्याचा झटका असावा असे घरच्यांना वाटते. अशा वेळी दार उघडून रोग्याला प्रथम मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, विनाविलंब रुग्णालय गाठावे, आणि घरात गॅसचा गीझर असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

म्हणून यंत्राची निवड करताना किमतीच्या आधी जागेचा विचार करावा. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, गच्चीत किंवा उघड्या सज्जात बसवावा आणि आत केवळ गरम पाण्याचा नळ आणावा. हे शक्य नसेल, तर विजेचा गीझर घ्यावा. १५ लिटर पाणी २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे पाऊण युनिट वीज पुरते. मात्र त्याला अर्थिंग पक्के हवे. गॅसच्या यंत्रावर आयएसआय चिन्ह असावे. वडोदऱ्यासारख्या शहरात नळाने गॅस येतो. तेथे त्याच गॅससाठी बनविलेले यंत्र घ्यावे, कारण सिलिंडरच्या गॅसचे बर्नर त्याला चालत नाही.

निगा राखणे कठीण नाही. ज्योत पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरू लागली, तर यंत्र त्याच दिवशी बंद करून कुशल कारागीर बोलवावा. वर्षातून एकदा, थंडीपूर्वी, बर्नर साफ करून घ्यावे. रबरी नळी पाच वर्षांनी, आणि तडा दिसल्यास त्याआधीही, बदलावी. कूपनलिकेचे जड पाणी असेल तेथे विजेच्या गीझरच्या टाकीत क्षार साचतात. ते काढवून घ्यावेत, टाकीतील मॅग्नेशियमची कांडी झिजल्यास बदलावी आणि दाब सोडणारी झडप मोकळी आहे ना, हे पाहावे.

राहिला विमा. सिलिंडरच्या गॅसमुळे होणाऱ्या अपघातांसाठी तेल कंपन्यांनी विमा उतरविलेला असतो; ग्राहकाला त्याचा निराळा हप्ता नसतो. अपघात झाल्यास वितरकाला ताबडतोब लेखी कळवावे आणि मान्यताप्राप्त नळी व रेग्युलेटर यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. आग, स्फोट, तसेच पाण्याची टाकी वा नळ फुटून होणारे नुकसान तीत येते; यंत्राची नित्याची झीज येत नाही. तेव्हा सही करण्यापूर्वी कशाची भरपाई मिळणार नाही, तो भाग आधी वाचावा.

विमा नुकसान भरून देतो. श्वास परत देत नाही. त्याची तरतूद यंत्र भिंतीवर चढविण्यापूर्वीच, जागा ठरविताना, करावी लागते.