टाइम मशीनची एक फेरी कोलकात्याला!

सातवी-आठवीतल्या मराठी मुलाच्या हाती टाइम मशीन लागलं, तर तो पहिली फेरी कुठे मारेल? उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे. रायगडावर, राज्याभिषेकाला. दुसरी फेरी पानिपतावर. विश्वासरावांना लागणारी गोळी चुकवायला!

डॉ. जयंत नारळीकरांनी ती गोळी खरोखरच चुकवली. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या त्यांच्या कथेत ट्रकची धडक बसते आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे थेट वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तिथे गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निसटलेली असते, १७६१ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. पुढे हीच कथा ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात गेली. २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले, पण त्यांचे गंगाधरपंत अजून नव्या वाचकांना भेटताहेत.

मुलांसाठीच्या काळप्रवासाची परंपरा तशी जुनी. एच. जी. वेल्सचं ‘द टाइम मशीन’ १८९५चं. ते मोठ्यांचं. १९०६मध्ये ई. नेस्बिट या इंग्रज लेखिकेने एका जादूच्या ताईताच्या जोरावर भावंडांची टोळीच प्राचीन इजिप्त आणि बॅबिलॉनला धाडली. तेव्हापासून या गोष्टींचा साचा ठरला : मुलं भलत्या काळात पोचतात, अडकतात आणि स्वतःच्या डोक्याने परत येतात. बंगालीत सत्यजित राय यांच्या प्रोफेसर शंकूचाही टाइम मशीनशी संबंध आला आहे.

मग या बंगालमध्येच एक मराठी मुलगा सोडून पाहा. साल १७४२, गाव कलकत्ता.

नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आलेले आहेत. नवाब अलीवर्दीखानाशी त्यांची झुंज चालली आहे. बंगाली माणूस या स्वारांना ‘बर्गी’ म्हणतो. शब्द आपल्याच ‘बारगीर’चा! बर्गी आले की गावंच्या गावं ओस पडतात. त्यांच्या लुटीचं आणि क्रौर्याचं वर्णन गंगाराम नावाच्या कवीने १७५१च्या सुमारास बंगालीत लिहून ठेवलं आहे. त्या काव्याचं नाव ‘महाराष्ट्र पुराण’. बंगालात बाळाला निजवताना बर्गी आल्याची भीती घालणारं अंगाईगीत तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं.

आता आपला बारा वर्षांचा नायक तिथे कुणाला तरी अभिमानाने सांगणार, ‘मी मराठी!’ आणि समोरचं पोर किंचाळत पळून जाणार. गोष्ट खरी इथे सुरू होते. रायगडाच्या फेरीत टाळ्या वाजवायच्या असतात. इथे मात्र ‘आपण’ म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीतले राक्षस, हे त्या मुलाला पहिल्यांदा कळतं. पुढे १७४४मध्ये अलीवर्दीखानाने वाटाघाटींना बोलावून भास्कररामांना आणि त्यांच्या सरदारांना दग्याने मारलं, तेही त्याला पाहावं लागेल. कोणाची बाजू घ्यायची, हे ठरवणं मोठ्यांनाही जड जावं! पण मुलांना असला पेच झेपत नाही, हा मोठ्यांचाच समज असतो.

साहसाला मालमसालाही भरपूर आहे. मराठ्यांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. सुमारे तीन मैल खणून झाला, मराठे काही आले नाहीत, काम थांबलं. खंदक अर्धवट तो अर्धवटच राहिला. १७५६च्या जूनमध्ये खरा शत्रू आला, तो सिराजउद्दौला. त्याने फोर्ट विल्यम किल्ला घेतला. मराठ्यांसाठी खणलेला खंदक त्याला थोपवू शकला नाही.

अशी गोष्ट लिहायला कुणी बसलंच, तर एक फसगत सांभाळावी. आजचा किल्ला शोधत नायक मैदानावर उतरला, तर त्याला भेटेल गोविंदपूर नावाचं गाव! कारण तेव्हाचा फोर्ट विल्यम बराच उत्तरेला होता, आजच्या जनरल पोस्ट ऑफिसच्या परिसरात. प्लासीनंतर, १७५८मध्ये, गोविंदपूर हलवून इंग्रजांनी नवा किल्ला बांधायला घेतला. तो पुरा व्हायला १७८१ उजाडलं.

परतीच्या वाटेवर नायकाने १८१४मध्ये जरूर थांबावं. कंपनीच्या नव्या साहेबांना देशी भाषा शिकवण्यासाठी १८००मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज निघालं होतं. तिथे विल्यम केरी मराठी शिकवत आणि त्यांच्या मदतीला वैजनाथ पंडित होते. या कामातून श्रीरामपूरच्या छापखान्यात १८१४मध्ये ‘सिंहासन बत्तीशी’ छापली गेली. मराठीतलं हे अगदी सुरुवातीचं छापील गोष्टींचं पुस्तक, तेही मोडी लिपीत! बत्तीस पुतळ्या भोजराजाला विक्रमाच्या काळातल्या गोष्टी सांगतात, म्हणजे हाही एका परीने काळप्रवासच. दोनच वर्षांनी तिथून आणखी एक मराठी पुस्तक निघालं. कोणतं? रघूजी भोसल्यांची वंशावळ! ज्यांच्या फौजेच्या भीतीने खंदक खणला, त्यांचंच घराणं आता साहेब लोक अभ्यासाला घेऊन बसले होते.

आणि आजच्या काळात परतल्यावर आमच्या नायकाला आणखी एक धक्का बसेल. नव्या फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे. डिसेंबर २०२४मध्ये लष्कराने त्याचं नाव बदलून ‘विजय दुर्ग’ ठेवलं, तेही सिंधुदुर्गातल्या आपल्या विजयदुर्गावरून. किल्ल्याच्या सेंट जॉर्ज गेटचं झालं शिवाजी गेट. आत जायला अर्थातच परवानगी लागते. उत्तर कोलकात्यात बागबाजारला एक गल्ली आहे, मराठा डिच लेन. तिथे मात्र कुणीही चालत जावं.