नर्मदेत पाणी किती?

इंदूरजवळच्या राऊ गावात पडलेला पाऊस गंगेच्या वाटेला लागतो. खान किंवा गंभीर नदीतून तो क्षिप्रेत जातो, तिथून चंबळेत आणि पुढे यमुनेत. महू ओलांडून घाट उतरायला लागलो, की मात्र उतार फिरतो. तिथल्या चोरल नदीचे पाणी दक्षिणेला वाहत नर्मदेला मिळते. माळव्याच्या पठाराच्या या काठावर दोन मोठी खोरी अशी पाठीला पाठ लावून आहेत.

शेजारच्या इंदूरने ही निसर्गाची वाटणी १९७८ मध्ये मोडली. पाण्यासाठी शहरात झालेल्या १९७० च्या आंदोलनानंतर मंजूर झालेल्या योजनेमुळे मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचे पाणी चारशे मीटरहून जास्त उंची चढून शहरात येऊ लागले. वापरून झाले की तेच पाणी खान नदीतून गंगेच्या खोऱ्यात जाते. नर्मदेवर हक्क सांगणारे असे अनेक आहेत आणि चार राज्यांच्या हिश्शांवर देखरेख करणाऱ्या नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचे मुख्यालयही इंदुरातच आहे. या साऱ्या हिशेबाचा पाया म्हणजे नदीकाठच्या सरितामापन केंद्रातली रोजची नोंद.

पातळी दिसते, विसर्ग काढावा लागतो

पाण्याची पातळी पाहणे सोपे आहे. काठावर किंवा पुलाच्या खांबाला आकडे घातलेली पट्टी असते, ती वाचायची. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेले, की धोक्याची पातळी गाठली हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण पट्टी फक्त उंची सांगते. सेकंदाला किती पाणी पुढे गेले, म्हणजे विसर्ग किती, हे तिच्यावर लिहिलेले नसते.

त्यासाठी नदीच्या आडव्या छेदाचे उभे भाग पाडतात. प्रत्येक भागाची रुंदी आणि खोली मोजतात. करंट मीटर पाण्यात सोडून वेग घेतात, तोही बहुधा पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर. कारण तिथला वेग त्या उभ्या रेषेतल्या सरासरीच्या जवळ असतो. क्षेत्रफळाला वेगाने गुणले, सगळ्या भागांची बेरीज केली, की विसर्ग मिळतो. आता ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रे हेच काम लवकर करतात.

पुरात दर तासाला हा खटाटोप शक्य नसतो. म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांना मोजलेले विसर्ग आलेखावर मांडून एक वक्र काढतात. पुढे नुसती पातळी वाचली, तरी वक्रावरून विसर्ग कळतो. अर्थात पुराने तळाची वाळू हलवली, की वक्रही बदलतो आणि मोजणी पुन्हा करावी लागते.

धरणाचा फुगवटा तर हे गणितच मोडतो. बडवानीजवळच्या राजघाटावर नर्मदेची धोक्याची पातळी १२३.२८ मीटर आहे. खाली गुजरातेत सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरले, की राजघाट खोल पाण्याखाली जातो. त्या वेळी नदीला पूर असेलच असे नाही. पाणी संथ तुंबलेलेही असू शकते.

दोन कोयनांचा फरक

मोजणीतल्या फरकाचे मोल नर्मदेने दाखवून दिले आहे. १९६९ मध्ये नेमलेल्या नर्मदा पाणीतंटा लवादापुढे पहिला प्रश्न होता, नदीत वापरण्याजोगे पाणी किती? ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी तरी मिळेल असे. प्रत्यक्ष विसर्गाच्या नोंदी १९४८ च्या सुमारासच सुरू झालेल्या. त्यामागच्या अर्धशतकाचे आकडे पावसाच्या नोंदींवरून अंदाजाने काढले गेले. अखेर १९७४ मध्ये राज्यांनी आपसांत २८ दशलक्ष एकर-फूट हा आकडा मान्य केला. आपल्या परिचयाच्या मापात तो सुमारे १,२२० टीएमसी होतो. १९७९ च्या निवाड्यात त्यातले मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५० आणि महाराष्ट्राला ०.२५ दशलक्ष एकर-फूट आले. महाराष्ट्राचा वाटा जेमतेम ११ टीएमसी.

पुढे १९४८ पासूनच्या प्रत्यक्ष मोजणीवरून हिशेब मांडला, तेव्हा आकडा सुमारे २३ दशलक्ष एकर-फुटांवर आला. तफावत दोनशे टीएमसीहून जास्त, म्हणजे जवळपास दोन कोयना धरणांएवढी. सरदार सरोवर धरणाची उंची कमी करावी, या मागणीला त्याचा आधार घेतला गेला. पण सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये राज्यांनी मान्य केलेला आकडा पुन्हा उघडण्यास नकार दिला.

निवाड्यात आणखी एक तरतूद आहे. तुटीच्या वर्षी मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्र यांनी ७३ : ३६ : २ : १ या प्रमाणात तूट वाटून घ्यायची. म्हणजे महाराष्ट्रातल्या नंदुरबारच्या वाट्याला काय येते, हे त्या वर्षीच्या मोजणीवरच ठरते.

निवाड्याचा फेरविचार ४५ वर्षांनंतर करता येईल, असेही त्यात म्हटले आहे. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. फेरविचाराची वेळ आलीच, तर अर्धशतकापूर्वीसारखे अंदाजावर भागवण्याचे कारण उरलेले नाही. आता पाऊण शतकाची मोजणी हाताशी आहे. तिच्यात धरणांनी अडवलेले, कालव्यांनी नेलेले आणि राऊशेजारच्या घाटावरून वर चढवलेले पाणी नीट मिळवले, तरच नदीचा खरा आकडा निघेल. हे आकडे राज्यांच्या कपाटात न राहता लोकांपुढे यायला हवेत, कारण आपसांत ठरवलेला आकडा चुकला तरी नदी त्यापेक्षा जास्त पाणी देत नाही.